जॉर्जटाउनला जाण्याआधी

प्रिय बाळा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

अर्थशास्त्र शिकायला अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठात निघालीस आणि तत्त्वज्ञान, धर्मविद्या हे विषय सक्तीचे आहेत म्हणून वैतागलीस. एवढी फी भरून हे कशाला, हा तुझा प्रश्न रास्त आहे. तरी ते पेपर नुसते उरकू नकोस.

जॉर्जटाउन हे जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या संघाचं विद्यापीठ, आणि त्यांची ही जुनी रीत. १५४८ साली सिसिलीत मेसिनाला कॉलेज काढलं, तेव्हापासून त्यांचा भर लॅटिन-ग्रीक साहित्य, वक्तृत्व, तत्त्वज्ञानावर. आधी माणूस घडवा, मग तो विद्या नीट वापरेल, ही त्यामागची श्रद्धा. मलाही ती पटते. पण ती आपोआप फळत नाही, हे तुझ्याच विद्यापीठाच्या इतिहासात दिसतं.

१८३८ साली मेरीलँडच्या जेझुइटांनी आपल्या मळ्यांवरची २७२ गुलाम माणसं १,१५,००० डॉलरला लुइझियानात विकायचा सौदा केला. त्यातला काही पैसा जॉर्जटाउनचं कर्ज फेडायला गेला. सौदा करणारे फादर थॉमस मलेडी आधी याच कॉलेजचे अध्यक्ष होते. या माणसांना आत्मा आहे हे त्यांना मान्य होतं, बाप्तिस्माही दिला जात होता. तरी विकलं! हिशेबाच्या वहीत तो व्यवहार चोखच दिसेल. तो अधर्म का होता, हे वही सांगणार नाही. त्यासाठी तुला नको असलेले ते विषय लागतात, आणि ते शिकूनही माणूस आंधळा राहू शकतो हेही ध्यानात ठेव.

मलेडींचं नाव एका वसतिगृहाला होतं. २०१५ साली विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कचेरीबाहेर ठाण मांडलं आणि ते नाव उतरलं. २०१७ पासून तिथे आयझॅक हॉकिन्सचं नाव आहे. विक्रीच्या यादीत ते पहिलं होतं. २०१९ साली विद्यार्थ्यांनी त्या माणसांच्या वंशजांसाठी दर सत्राला २७ डॉलर २० सेंट जादा फी भरायचा कौल दिला. विद्यापीठाने ती फी लावली नाही, वेगळा निधी जाहीर केला. पण माझ्या मते या विद्यापीठाचं खरं शिक्षण त्या मुलांनी घेतलं.

बॅगेत जोतीरावांची 'गुलामगिरी' टाक. १८७३ सालचं ते पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलंय. तिथल्या मळ्यांबद्दल वाचताना आपल्या गावात कोणाचे श्रम फुकट लाटले गेले, हेही वर्गात बोल.

आणि तत्त्वज्ञान पहिल्याच सत्रात घे, शेवटच्या वर्षावर ढकलू नकोस.

तुझा,
काका