ऊर्जामंत्री म्हणून देवेंद्र फडणवीस यांची सौरऊर्जेबद्दल नेमकी भूमिका काय आहे? शेतकऱ्याला तिचा खरंच फायदा होतो का?

पहिला भाग लवकर उरकतो, कारण दुसऱ्या भागावर माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं दोन वर्षं भांडण चालू आहे.

फडणवीसांनी मुख्यमंत्री असताना २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना काढली, म्हणजे शेतीच्या फिडरला (गावाकडे येणाऱ्या विजेच्या वाहिनीला) सौर प्रकल्पातून वीज. ऊर्जा खातं हाती आल्यावर २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आणला. २०२४ मध्ये 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आली, शिवाय साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज. त्यांचं म्हणणं सरळ आहे. सौर वीज युनिटला ३ रुपयांच्या आसपास पडते, शेतकऱ्याला ती दिवसा देता येते आणि शेतीच्या विजेचा जो भार कारखान्यांच्या बिलावर पडतो तो हलका होतो. कोळसा मात्र त्यांनी सोडलेला नाही. आमच्याच खान्देशात भुसावळजवळ दीपनगरला ६६० मेगावॉटचा नवा संच उभा राहिला.

दिवसा वीज हा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. ज्याला पटत नसेल त्याने जानेवारीत रात्री दोन वाजता गव्हाला पाणी भरून दाखवावं, मग बोलू.

आता फायद्याचं. आम्ही शिंदखेडा तालुक्यातले, दोंडाईचाकडचे. वाटणीत मला विहीर आली, तिच्यावर आजोबांच्या वेळची लाईट. मोठ्या भावाला, म्हणजे नानाला वरचं शेत आलं, त्यात ३२० फुटांचं बोअर. लाईटसाठी त्याने कोटेशन, म्हणजे जोडणीचे पैसे, भरलं होतं. वर्षं गेली, खांब काही आला नाही. मग कळलं की आता तारेची लाईट विसरा, सोलर घ्या. मी म्हटलं, "नाना, थांब जरा, बोअर खोल आहे." तो म्हणाला, "तुले काय, तुन्या इहिरवर लाईट शे. माले आते रातले जानं नही."

५ एचपीचा पंप मिळाला, १० टक्के हिस्सा भरून. फेब्रुवारीत पॅनेल बसले, नारळ फुटला, सगळं घर बघायला गेलं. साडेनऊपर्यंत पाइपातून नुसती हवा आणि थुंकी. अकराला पाइप भरून पाणी. साडेतीन वाजले की धार पुन्हा करंगळीएवढी. तरी दोन महिने नाना जिंकत होता, हे मान्य करतो. रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन "बघ, मी घरी आहे" असं सांगून जायचा.

एप्रिलमध्ये बोअरचं पाणी खाली गेलं तशी धार आणखी बारीक झाली. आणि मे संपता संपता वादळ आलं. चार पॅनेल सांगाड्यावरून उखडले, एक थेट शेजारच्या लिंबाच्या बागेत. कापूस नुकताच टोबलेला, कोंब वर आलेले. योजनेत विमा आहे, पाच वर्षांची देखभालही आहे, कागदावर सगळं आहे. बसवणाऱ्या कंपनीला फोन केला की "तुमची तक्रार नोंदवली आहे." फोटो पाठवा, पंचनामा पाठवा, पुन्हा फोटो पाठवा, आधीचे अंधुक आलेत. असे एकोणीस दिवस गेले.

कोंब माना टाकायला लागले तेव्हा माझ्या विहिरीवरून त्याच्या शेतापर्यंत चारशे फूट पाइप टाकला. त्या आठवड्यात आमच्या फिडरची पाळी रात्रीची. म्हणजे रात्री जायला नको म्हणून ज्याने सोलर घेतलं, तो गळ्यात बॅटरी अडकवून पहाटेपर्यंत माझ्या बांधावर उभा. तेव्हा मी काही बोललो नाही. दिवाळीला बोललो. तो म्हणाला, विहीर तुला आली म्हणून तुझी जीभ चालते. याला काही उत्तर नाही, वाटणीच्या चिठ्ठ्या आप्पांनी टाकल्या होत्या.

तर माझं मत असं. या धोरणातला पंप हा कच्चा भाग आहे आणि फिडर हा पक्का. उपकेंद्राजवळच्या जागेवर पॅनेल लावायचे, वीज त्याच जुन्या तारेने मोटरीला द्यायची. वादळात दोन पॅनेल गेले तर ते कंपनीचं दुखणं, एकट्या शेतकऱ्याचा कापूस वाळत नाही. आणि तारेवर मोटर मोठी लावता येते. रावेर-यावलकडे खोल बोअरवर केळी आहे, माझी सासुरवाडी तिकडचीच. ५ एचपीच्या सोलरवर केळी जगवून दाखवा असं मेव्हणा म्हणतो, आणि एरवी मी त्याचं काही ऐकत नाही.

फिडरसाठी जागा लागते, ही त्यातली मेख. खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरली आहे. बरड जमिनीला हे चांगलं, बागायतीला नाही. पण आमच्याकडे प्रकल्पाला जमीन म्हटलं की आधी विखरण आठवतं. तिथली जमीन औष्णिक प्रकल्पासाठी गेली, मोबदल्यासाठी शेतकरी धर्मा पाटील मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत राहिले आणि जानेवारी २०१८ मध्ये तिथेच त्यांनी विष घेतलं. तेव्हा मुख्यमंत्री फडणवीसच होते. संपादन आधीच्या सरकारच्या काळातलं, हेही खरं. भाडेपट्ट्यात जमीन नावावर राहते, म्हणून ही वाट त्यापेक्षा बरी, इतकंच म्हणेन.

एक सांगायचं राहिलं. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात, जिथे खांब जाणारच नाही, तिथे सोलर पंप म्हणजे सोनं आहे. उथळ विहीर असेल तरी जरूर घ्या. नानाचाही पंप आता चालतो. पावसाळ्यानंतर बोअरला पाणी असलं की मस्त चालतो, आणि तो हे तुम्हाला माझ्याआधी सांगेल.

पण शेतात तारेची लाईट असेल तर ती सोलरच्या नादात सोडू नका. आणि कोटेशन भरलं असेल तर पावती जपून ठेवा. नानाने ती फॉर्मबरोबर देऊन टाकली, साधी झेरॉक्सही काढली नाही.