कॉलनीच्या बागेतली कोजागरी : वाचक विचारतात

पावसाळा सरत आला की खानदेशातल्या कॉलन्यांमधल्या ओपन स्पेसवर वर्दळ वाढते. आधी गुलाबाई (मुलींचा महिनाभर चालणारा गाण्यांचा सण), मग नवरात्रातल्या टिपऱ्या, कोजागरीचं दूध, आणि थंडी पडली की भरीत. या वेळी आलेली बहुतेक पत्रं याच कार्यक्रमांबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

आमच्या कॉलनीच्या बागेकडे पावसाळाभर कुणी फिरकत नाही. गुडघाभर गवत, गाजरगवत, मधे मधे डबकी. कोजागरीला शंभर-सव्वाशे माणसं येतील. आदल्या दिवशी मजूर लावून साफसफाई केली तर चालेल का? (जळगाव)

नाही चालणार. पंधरा दिवस आधी सुरुवात करा. उंच गवतात या दिवसांत साप-विंचू आसऱ्याला असतात. आदल्या दिवशी गवत काढलं की ते बिथरून बागेतच इकडेतिकडे फिरतात, आणि दुसऱ्या दिवशी तिथेच पोरं अनवाणी धावतात. पहिली कापणी दिवसाढवळ्या, पायात बूट घालून, आधी काठीने गवत झोडपत करा. कापलेलं गवत त्याच दिवशी बागेबाहेर गेलं पाहिजे. कोपऱ्यात ढीग लावून ठेवला तर तो पुन्हा आसराच होतो. कार्यक्रमाच्या तीन-चार दिवस आधी दुसरी, हलकी कापणी. गावातल्या सर्पमित्राचा नंबर दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. दंश झालाच तर आवळून बांधणं, चिरा देणं यात वेळ न घालवता सरळ दवाखाना.

गाजरगवत कापू नका, उपटा. कापलेलं पुन्हा फुटतं. जमीन ओली असते तेव्हा ते मुळासकट सहज निघतं, म्हणून पावसाची उघडीप मिळाली की लगेच हे काम हाती घ्या. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल हवाच. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, आणि त्याच्या परागकणांनी दम्याच्या माणसाला धाप लागते. या कामाला लहान मुलांना लावू नका.

डबक्यांचा हिशेब वेगळा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे घसरगुंडीखालचा खड्डा, टाकून दिलेली टायरं, नारळाच्या करवंट्या, झाकण नसलेली टाकी हे सगळं दर आठवड्याला रिकामं झालं तरच उपयोग. कार्यक्रमाच्या दिवशी धूर मारून ते भागत नाही. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त. संध्याकाळी पाचला खेळ ठेवणार असाल तर पोरांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला सांगा.

आता आपली काळी माती. ऑक्टोबरच्या उन्हात तिला बोटं जातील एवढ्या भेगा पडतात आणि परतीचा पाऊस एकदा झाला की चप्पल रुतते. टिपऱ्यांचा किंवा फेराचा गोल जिथे होणार तिथे मुरूम टाकल्याशिवाय गत्यंतर नाही. तेहतीस फूट व्यासाच्या गोलावर दोन इंच थर द्यायचा तर दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम लागतो. तो पाच-सहा दिवस आधी टाका, पाणी मारा, रोलर फिरवा किंवा धुमसाने ठोका. आदल्या दिवशी टाकलेला मुरूम बसत नाही. खडे वर राहतात आणि पाय मुरगळतात. कार्यक्रमाच्या दिवशी चारच्या सुमारास धूळ बसेल इतकाच सडा मारा. मांडवाचे बांबू काळ्या मातीत निदान दोन फूट गेले पाहिजेत, बुडाशी दगड ठासले पाहिजेत. कोरड्या दिवशी घट्ट वाटणारा बांबू एका पावसाने ढिला होतो.

शंभर माणसांना कोजागरीचं दूध किती लागेल? आमच्याकडे एकदा दूध खाली लागलं, एकदा ऐन वेळी नासलं. (धुळे)

माणशी दीडशे मिलिलिटरचा पेला धरा. वीस लिटर म्हशीचं दूध आटवून सोळा लिटर केलं की शंभर पेले भरतात आणि थोडं उरतं. साखर दीड किलो. आटलेलं दूध मुळातच गोडसर होतं, त्यामुळे दोन किलो घातली तर दुसरा पेला कुणी मागत नाही. मसाल्याला बदाम तीनशे ग्रॅम, काजू दोनशे, पिस्ते शंभर, चारोळी शंभर, वेलदोडे वीस ग्रॅम, जायफळ अर्धं, केशर एक ग्रॅम. बदाम, काजू आणि पिस्ते थोड्या साखरेसोबत, मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. चारोळी अख्खीच ठेवा. केशर कोमट दुधात अर्धा तास आधी भिजवा.

लागतं ते भांडं आणि आच यांमुळे. वीस लिटर दुधाला पस्तीस लिटरचा जाड बुडाचा गंज घ्या. पातळ स्टीलचं पातेलं नको. बुडाशी आधी तांब्याभर पाणी घालून मग दूध ओता. पहिली उकळी येईपर्यंत आच मध्यम, त्यानंतर मंद. ढवळणारा माणूस ठरलेला हवा, आणि त्याच्या हातात तळाला टेकेल असं लांब दांड्याचं सपाट उलथनं हवं. डावाने फक्त वरचं दूध हलतं. साखर अगदी शेवटी, आच बंद करण्याआधी दहा मिनिटं. आधी घातलेली साखर तळाशी बसून करपते. एवढं करूनही करपल्याचा वास आलाच तर आच बंद करा, तळ अजिबात खरवडू नका आणि वरचं दूध हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. तळ हलला की वास सगळ्या दुधाला लागतो.

नासतं ते बहुतेक वेळा मिसळलेल्या दुधामुळे. घरोघरून दोन-दोन लिटर गोळा केलं की त्यात एखाद्या घरचं सकाळचं असतं, आणि त्याचा आंबटपणा तापेपर्यंत कळत नाही. तेवढ्याने वीसच्या वीस लिटर जातं. म्हणून दूध एकाच ठिकाणाहून, संध्याकाळचं ताजं घ्या. वेगवेगळं आलंच तर प्रत्येकातलं वाटीभर वेगळं उकळून पाहा, मगच एकत्र करा. गंज आणि उलथनं उकळत्या पाण्याने धुऊन घ्या. कोपऱ्यात राहिलेली दह्याची एक रेघही पुरते.

वेळेचा हिशेब असा: पाचला दूध यावं, लगेच चढवावं, आठपर्यंत आटून तयार व्हावं. मोठ्या शेगडीवर एवढ्याला साधारण किलोभर गॅस जातो. सिलिंडर व्यावसायिक, १९ किलोचा घ्या. घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरायची परवानगी नसते. साखर घालण्याआधी दोन-तीन लिटर बाजूला काढा, ते मधुमेही मंडळींसाठी. त्यात सुका मेवाही घालू नका, म्हणजे ज्या मुलांना मेव्याची ॲलर्जी आहे त्यांचीही सोय होते. दोन्ही भांड्यांवर मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या लावा.

चंद्राची वाट पाहत मध्यरात्रीपर्यंत दूध उघडं ठेवणं बरं नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि नऊपर्यंत चांगला वर आलेला असतो. गंजावर पातळ मलमल बांधा, नऊला बागेतले सगळे दिवे दहा मिनिटं मालवा, मलमल काढून प्रतिबिंब दाखवा आणि लगेच वाटप सुरू करा. छोटी मुलं तोवर जागी असतात, हा त्यातला मोठा फायदा. कोमट झालेलं दूध दोन तासांच्या आत संपवा. उरलं तर पुन्हा उकळून फ्रिजमध्ये. पेले प्रत्येकाने घरून आणावेत, कचरा निम्म्याने कमी होतो. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे पाच जार सांगून ठेवा. खेळून आलेली पोरं दुधाआधी पाणीच मागतात.

परवानगी कुणाची लागते? आणि दिवे लावले की किड्यांचा इतका थवा येतो की दुधात पडतात. (भुसावळ)

ओपन स्पेस नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या ताब्यात असेल तर तिथे अर्ज, आणि स्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्यात वेगळा. दोन्ही अर्ज पंधरा दिवस आधी द्या, पोच घ्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातल्या ठरावीक दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सूट मिळू शकते, पण ते दिवस जाहीर झालेले असतात. कोजागरी त्यांत असेलच असं धरून चालू नका, पोलीस ठाण्यात विचारा. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं. डीजे आणूच नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं त्याने घरी जातात, आणि कार्यक्रम तर त्यांच्यासाठीही असतो. घोषणेपुरता एक छोटा स्पीकर पुरे.

वीज खांबावर आकडा टाकून घेऊ नका. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या, किंवा मीटरमालकाच्या संमतीने शेजारच्या घरातून, पण मधे ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवूनच. बागेतली जमीन ओली असते, आणि टेप गुंडाळलेला वायरचा जोड गवतात पडलेला असला की तिथेच शॉक बसतो. जोड सगळे डोक्याच्या वर, एक्स्टेन्शन बोर्ड स्टुलावर, लोखंडी झोपाळ्याला किंवा जाळीला वायर बांधायची नाही.

किड्यांसाठी उपाय सोपा आहे. ते पांढऱ्या, प्रखर दिव्याकडे धावतात. असा एक दिवा दुधापासून तीस फुटांवर, बागेच्या कडेला लावा आणि दुधाच्या टेबलावर मंद पिवळा बल्ब ठेवा. थवा तिकडे जमतो. वाटणाऱ्यांनी गंजाचं झाकण अर्धंच सरकवावं.

गुलाबाई आता दोन-तीन घरांतच बसते. सगळ्या मुलींना बागेत एकत्र आणता येईल का? (अमळनेर)

येईल, आणि जरूर करा. भाद्रपदातल्या पौर्णिमेला गुलाबाई-गुलोजी बसतात ते कोजागरीपर्यंत, म्हणजे हाताशी महिना असतो. रोज बागेत जमणं शाळा-क्लासमुळे होत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी, साडेसहा ते साडेसात, एवढं पाळलं तरी गाणी तोंडात बसतात. दर वेळी एक नवं गाणं आणि मागची दोन. शिकवायला कॉलनीतल्या आजीबाईंना बोलवा. एका गावाची चाल दुसऱ्या गावाला वेगळी असते. "हे असं नाही" म्हणून कुणाला थांबवू नका, दोन्ही चाली म्हणा. अहिराणीतली गाणी अहिराणीतच राहू द्या.

खाऊ ओळखण्याचा खेळ हा मुलींचा जीव. डबा स्टीलचा आणि झाकण घट्ट हवं. हलवल्यावर आवाज यायला हवा असेल तर डबा पाऊणच भरा. फुटाणे, शेंगदाणे, खारे शंकरपाळे यांचे आवाज वेगळे असतात, चाणाक्ष मुली तेवढ्यावरून ओळखतात. लाडू, वडी, केळं हे आवाज न करणारे खाऊ मधे मधे ठेवले की खेळ रंगतो. मुलगेही येऊन बसतात, त्यांना हाकलू नका.

मूर्ती शाडूची घ्या. विसर्जन बागेतच टबात करता येतं आणि विरघळलेली माती झाडांना घालता येते. प्लास्टरची मूर्ती तशीच राहते.

चार वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची पोरं एकत्र असतात. खेळ कोणते ठेवावेत? (नंदुरबार)

तीन गट करा: सहापर्यंत, सात ते दहा, अकराच्या पुढे. छोट्यांना लिंबू-चमचा जमत नाही, लिंबाऐवजी बटाटा द्या. मधल्यांना लंगडी, लगोरी. लगोरीला कापडी चेंडू घ्या, रबरी चेंडू जवळून लागला की पोर रडत घरी जातं. विटीदांडू गर्दीत नको, डोळ्याला धोका आहे. मोठ्यांच्या रस्सीखेचीसाठी बोटाएवढी नायलॉनची दोरी वापरतात, ती हात सोलते. मुठीत भरेल असा जाड सुती दोर आणा आणि एक नियम आधी सांगा: दोर मनगटाला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही. जोराचा हिसका बसला की गुंडाळलेला हात सुटत नाही आणि बोटं मोडतात. खेळ साडेसातला संपवा.

कोजागरीलाच भरीत-पुरीही करावी असं काहींचं म्हणणं आहे. (चोपडा)

थोडं थांबा. भरताची मोठी हिरवी वांगी थंडी पडल्यावरच खरी भरतात. शिवाय चातुर्मासात वांगं न खाणारी घरं आपल्याकडे बरीच आहेत. काही जण तर चंपाषष्ठीला नैवेद्य दाखवल्यावरच खातात. कार्यक्रम चंपाषष्ठीनंतरच्या रविवारी ठेवला तर सगळ्यांना पंगतीला बसता येतं.

शंभर माणसांना तीस किलो वांगी धरा. सोबत हिरवी मिरची दीड किलो, लसूण एक किलो, पातीचा कांदा सहा किलो, शेंगदाणे एक किलो, तेल अडीच लिटर. वांग्याला तेलाचा हात लावून दोन-तीन ठिकाणी टोचा, नाहीतर ते आगीत फुटतं. भाजायला तुराट्या किंवा कपाशीच्या काड्या, पण मागच्या हंगामातल्या, पूर्ण वाळलेल्या. नुकत्या उपटलेल्या ओलसर काड्या धुमसतात आणि वांग्याला धुराचा कडवट वास लागतो. त्यांवर फवारणीचा अंशही असू शकतो. आग गवतापासून दूर, उघड्या मातीवर करा, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या आणि वाळूचं घमेलं ठेवा. भाजून सोललेली वांगी बडगीत (ठेचायच्या लाकडी भांड्यात) ठेचा. मिक्सरमधून काढलेलं भरीत चिकट होतं. मिरची-लसणाचा ठेचा घालण्याआधी पाच किलोंचं भरीत पोरांसाठी बाजूला काढून ठेवा, आणि पुऱ्यांबरोबर थोड्या कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीही सांगा, जुनी माणसं त्याच आधी संपवतात.