पणजीचं पोलकं

प्रिय चिऊ,

परवा बसस्टॉपवर खळ्यावरचा तो जुना फोटो बघून तू विचारलंस, "बाबा, यात कुणालाच पोट कसं नाही? सगळे डाएट करायचे का?" तेवढ्यात बस आली नि उत्तर राहूनच गेलं.

डाएट हा शब्द तेव्हा आमच्या येळ्ळुरात कुणाला ठाऊकही नव्हता. माझी आज्जी, म्हणजे तुझी पणजी, न्याहारीलाच जोंधळ्याच्या दोन भाकऱ्या खायची. पण त्याआधी पहाटे चारला ती जात्यावर बसलेली असायची. एक पाय लांब, एक दुमडलेला; एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्याने मूठ मूठ जोंधळा घालायचा. आठ माणसांचं पीठ, तास-दीड तास तरी लागायचा. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो. खुंटा फिरेल तशी तिची पाठ, कंबर, मांडी हलायची नि माझं डोकंही डुलायचं. मग विहिरीच्या खेपा, गोठा, नि उजाडलं की शेत. पावसाळ्यात रोपलावणीला दिवसभर चिखलात वाकून उभं राहायचं. बेळगावच्या बाजाराला भाजीची बुट्टी डोक्यावर घेऊन चालत जायचं, चालतच यायचं. व्यायाम म्हणून वेगळं काही करायला वेळ होता कुठे?

पण त्या फोटोतला सगळाच सडपातळपणा कष्टाचा नाही. पावसाच्या तोंडावर कणगी रिकामी व्हायची, मग नाचणीच्या आंबिलीवर दिवस निघायचे. बायका सगळ्यांच्या मागून जेवायच्या, उरेल ते. हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं. म्हणून "जुनं सगळं चांगलं" असं मी तुला सांगणार नाही.

पुढे गावात पिठाची गिरणी आली, दारात नळ आला. मग आज्जी काकाकडे बेळगावात शहापूरला राहायला गेली. भाकऱ्या तेवढ्याच, भात तेवढाच. दोन वर्षांत पोलकं दाटायला लागलं. तुझ्या आज्जीने, म्हणजे माझ्या आईने, बगलेची शिवण उसवून ते सैल केलं. पुन्हा दाटलं, पुन्हा उसवलं. नंतर साखरेचा आजार निघाला.

काम कमी झालं तशी भूकही कमी व्हायला हवी होती ना? तसं नेहमी होत नाही. जाँ मेयर नावाच्या शास्त्रज्ञाने बंगालमधल्या ज्यूट गिरणीतल्या लोकांचं खाणं नि वजन तपासलं होतं; तो अभ्यास 1956 साली छापून आला. बसून काम करणारे हलकं अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते, आणि वजनही त्यांचंच जास्त होतं. हालचाल फारच कमी झाली की भुकेचा अंदाजच चुकू शकतो.

त्याच वर्षी आपल्या या लंडनमधलाही एक अभ्यास छापून आला; जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी बसवाल्यांच्या गणवेशाची मापं तपासली होती. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर दुमजली बसचा जिना सारखा चढत-उतरत. ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला मोठ्या निघाल्या. ते वाचलं तेव्हा मला आज्जीचं पोलकंच आठवलं.

ते पोलकं माझ्या कपाटात वरच्या खणात आहे, हिरव्या खणाचं. शनिवारी काढून ठेवतो. बगलेपाशी उसवलेल्या टाक्यांच्या भोकांच्या दोन ओळी आहेत, बोट फिरवलंस की लागतील.

तुझा,
बाबा