पहिला निबंध पाठवण्याआधी ऑर्किड क्रमांक काढ

पहिला शोधनिबंध पाठवतोयस ना? आधी ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक, काढून घे. फुकट मिळतो. २०१२ पासून दिला जाणारा हा १६ अंकी क्रमांक संस्था बदलली, आडनाव बदललं तरी तोच राहतो. शेवटी एक्स आला तर चूक समजू नकोस, ते पडताळणीचं अक्षर असतं.

आपल्याकडे तर हे हवंच. नुसतं ‘एस. पाटील’ म्हटलं की सुनीता, संजय की सुहास, कसं कळणार? माझे दोन निबंध एका नावबंधूच्या नावावर चढले होते. ते सोडवून घेताना फार मनस्ताप झाला. म्हणून वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, दरवेळी त्याच स्पेलिंगने लिही. गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधायच्या सेवेवरच्या तुझ्या पानावर निबंधांची आपोआप भर बंद ठेव. सहलेखक पाहूनच प्रत्येक निबंध स्वीकार.