ब्रिटनमध्ये पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेताना

बंदुकीआधी कायदा बघ. १९८७ च्या हंगरफर्ड हत्याकांडानंतर, १९८८ च्या कायद्याने .२२ रिमफायर (काडतुसाच्या बुडाच्या कडेवर ठोका बसून बार उडणारी, लहान गोळीची) सोडून बाकी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एकदा घोडा दाबला की एक गोळी सुटून पुढची आपोआप भरली जाणाऱ्या, रायफलींवर इथे बंदी आली. त्यामुळे .२२ रिमफायरमध्येच निवड करायची आहे. त्यासाठीही पोलिसांकडून सर्टिफिकेट हवं आणि सबळ कारण दाखवायला हवं.

हलकी हवी तर मी डोळे झाकून रुगर १०/२२ सांगेन. वजन साधारण सव्वादोन किलो, दहा गोळ्यांचं मॅगझिन, सुटे भागही सहज मिळतात. मात्र वर जाडजूड दुर्बीण चढवलीस की हलकेपणा गेलाच म्हणून समज.

खरी गोम गोळ्यांत आहे. सबसॉनिक, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा हळू जाणाऱ्या, गोळीचा आवाज कमी, पण जोरही कमी. कधी बोल्ट (पुंगळी बाहेर काढून पुढची गोळी भरणारा मागेपुढे सरकणारा भाग) पुरता मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी अर्धवट बाहेर अडकते. म्हणून एकदम पेटी घेऊ नकोस. दोन-तीन कंपन्यांच्या थोड्या थोड्या गोळ्या चालवून बघ. आणि मान्यताप्राप्त क्लबात उमेदवारीचे किमान तीन महिने काढायचेच असतात, तोवर क्लबच्याच रायफलीवर हात बसव. रायफल ठेवायच्या तिजोरीची जागाही आत्ताच ठरवून ठेव.