फॅमिली डॉक्टरांना स्वादुपिंडाच्या कॅन्सरबद्दल जागरूक कसं करता येईल?

तुमच्या सासऱ्यांना कित्येक महिने पित्ताच्याच गोळ्या चालू होत्या आणि शेवटी स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, म्हणून तुम्ही विचारताय की आपल्या भागातल्या डॉक्टरांपर्यंत हे कसं पोचवायचं. वाचून खरंच वाईट वाटलं. माझं नाशिकला सिडकोत मेडिकल आहे, मी डॉक्टर नाही, पण काउंटरवर उभं राहून जे दिसतं त्यावरून सांगतो.

डॉक्टरांना हा आजार माहीत नसतो असं नाही हो, शिकताना सगळे वाचतात. पण रोज पोटदुखीचे ढीगभर पेशंट आणि त्यात हा कित्येक वर्षांतून एखादा, शिवाय स्वादुपिंड जठराच्या मागे पार आत, पोट दाबून गाठ हाताला लागत नाही. त्यात पेशंट एका डॉक्टरकडे टिकत नाही, आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे गॅस म्हणून, मग पाठ दुखते म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे, मग शुगर निघाली की तिसरीकडेच, म्हणजे प्रत्येकाला एकच तुकडा दिसतो. चिठ्ठ्या सगळ्या माझ्याकडे येतात, म्हणून मला वाटतं की आजाराची माहिती देण्यापेक्षा "हाच पेशंट हीच तक्रार घेऊन परत आलाय आणि वजन उतरलंय" हे केस पेपरवर दिसलं पाहिजे. दर वेळी वजन काट्यावर घेऊन लिहायचं, एवढं जरी दवाखान्यात सुरू झालं ना तरी खूप आहे.

डॉक्टरांना द्यायला एक पान पुरे. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०१५ मध्ये खास फॅमिली डॉक्टरांसाठी सोपा नियम दिलाय: वय ६० च्या वर, वजन कमी होतंय आणि जोडीला पोटदुखी, पाठदुखी, जुलाब, बद्धकोष्ठ, मळमळ, उलटी किंवा नव्याने लागलेली शुगर यातलं काहीही एक असेल तर दोन आठवड्यांत सीटी स्कॅन करायचा विचार करायचा. आणि चाळिशीनंतर कावीळ झाली तर कॅन्सरची शंका धरून लगेच पुढे पाठवायचं. मला हा नियम आवडतो कारण यात अंदाजाला जागा कमी आहे.

कावीळीचं आपल्याकडे जरा वेगळंच आहे. माणूस पिवळा दिसला की आधी गावाकडे झाडपाल्याचं औषध, नाहीतर गळ्यात माळ, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ उतरवणं, आणि यात आठवडे जातात. पोटात दुखत नाही पण डोळे पिवळे, लघवी गडद, संडास पांढरट, अंगाला खाज, अशी कावीळ असेल तर पित्तनळी कुठेतरी, स्वादुपिंडातल्या गाठीनेही, दाबली गेलीय का ते बघायलाच हवं, कारण या कॅन्सरचा ऑपरेशन होऊ शकेल अशा टप्प्यावर पाचातला जेमतेम एक पेशंट सापडतो.

अजून एक, "सोनोग्राफी नॉर्मल आहे" म्हणून सगळे निश्चिंत होतात. आतड्यातल्या गॅसमुळे स्वादुपिंड सोनोग्राफीत बऱ्याचदा नीट दिसतच नाही, तक्रार चालूच असेल तर कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून औषध देऊन सीटी करावा लागतो. सीए १९-९ या कॅन्सरशी जोडलेल्या घटकाची रक्ततपासणी पण यासाठी भरवशाची नाही, नुसत्या कावीळीनेही ती वाढते आणि काही लोकांच्या शरीरात तो घटक तयारच होत नाही. शुगरचं मात्र जपून बोला, पन्नाशीनंतर नवीन शुगर निघालेल्या शंभरात साधारण एकाला पुढच्या तीन वर्षांत हा कॅन्सर सापडतो, बाकीच्यांना उगाच घाबरवायचं नाही. पण शुगर नवीन आणि वजन आपोआप उतरतंय, तर विचारा.

मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ ला याच आजाराने गेले, तेव्हापासून आजाराचं नाव लोकांना माहीत झालं, लक्षणं नाही झाली.

आता कुणाला भेटायचं. शहरातल्या आयएमएच्या म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेच्या लोकांना भेटा, त्यांच्याकडे डॉक्टरांसाठी व्याख्यानं होतात आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना अशा व्याख्यानांचे क्रेडिट म्हणजे गुण लागतातच. पण तेवढ्यावर थांबू नका, सिन्नर-दिंडोरीकडे पहिला डॉक्टर बहुतेक बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) असतो, त्यांच्या संघटनांनाही बोलवा. बोलायला पोटाचा सर्जन असेल तर तुम्ही शेजारी बसून सासऱ्यांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे दाखवा, डॉक्टरांची नावं झाकून. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी या कॅन्सरचा जागतिक दिवस असतो, हॉल आणि वक्ता मिळवायचा तर दिवाळीच्या आधीच बोलून ठेवा.