गाय का उलटते? पशुपालकांची प्रश्नोत्तरे

सांगली जिल्ह्यातून येणाऱ्या पत्रांत उलटणाऱ्या, म्हणजे भरवूनही (रेतन करूनही) गाभण न राहता पुन्हा माजावर येणाऱ्या गाईचा प्रश्न दर वेळी असतोच. म्हणून या वेळी त्याचं उत्तर सविस्तर देतो.

म्हैस किती दिवसांनी विते? (शिराळा)
साधारण 310 दिवसांनी. गाय 280.

संकरित गाय चारदा भरवली तरी उलटते. माज सकाळी दिसतो, डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी बोलावतो. गावात म्हणतात अंगात उष्णता आहे, थंड काहीतरी पाजा. (विटा)
पाजू नका. तुमच्या दुसऱ्या वाक्यातच घोळ आहे. माज 12 ते 18 तासांचा. तो ओसरल्यावर 10 ते 12 तासांनी बीजांड सुटतं आणि जेमतेम काही तास फळण्याजोगं राहतं. शुक्राणूंनाही आत सज्ज व्हायला वेळ लागतो, म्हणजे ते आधी पोचलेले हवेत. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. नुसत्या हंबरण्यावर जाऊ नका. दुसरं जनावर अंगावर चढलं तरी ती निमूट उभी राहते, तो खरा माज. तो बहुधा रात्री-पहाटे असतो, तेव्हा गोठ्यात चक्कर मारा.

आणि भरवल्याची तारीख लिहा, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. फळलेला गर्भ सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास आईच्या शरीराला आपल्या असण्याची खूण देतो. ती मिळाली नाही तर गाय 21 दिवसांच्या आसपास पुन्हा माजावर येते. म्हणजे एकतर बीज फळलंच नाही, किंवा गर्भ फार लवकर गेला. 30-35 दिवसांनी उलटली तर गर्भ राहून मग गेल्याची शंका घ्यावी लागते. दोन्हींचा तपास वेगळा. तारीखच नसेल तर डॉक्टर अंदाजाने सुई टोचणार. सोट (माजात योनीतून येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ हवा, पांढुरका असेल तर आत संसर्ग आहे. आता पाचवी कांडी (रेतमात्रा) नको. आधी पशुवैद्यकाकडून गर्भाशय तपासून घ्या.

गाभण गाईला चारली की कालवडच होते, अशी पावडर मिळते. घ्यावी का? (तासगाव)
ही निव्वळ लूट आहे. लिंग फळण्याच्या क्षणी वळूच्या शुक्राणूवरून ठरतं. गाभण राहिल्यावर काही बदलत नाही. कालवड हवी तर लिंगवर्गीकृत (मादी वासरासाठी शुक्राणू निवडलेली) रेतमात्रा आहे, पण तीही सुमारे 90 टक्केच खात्रीची. कोणत्या गाईला वापरायची ते डॉक्टरांना विचारा. उलटणाऱ्या गाईवर वाया घालवू नका.

खिलार गाईला जुळं झालं, खोंड आणि कालवड. कालवड ठेवू? (आटपाडी)
तपासल्याशिवाय नको. पोटात दोघांच्या जारेच्या (वारेच्या) रक्तवाहिन्या जोडल्या जातात, खोंडाची संप्रेरकं कालवडीत जातात आणि तिचे प्रजननाचे अवयव नीट घडत नाहीत. अशा 90 टक्क्यांहून जास्त कालवडी वांझ निघतात. न सांगता बाजारात विकणं म्हणजे दुसऱ्या शेतकऱ्याला बुडवणं.

जार अडकली तर दगड बांधावा का? (जत)
मुळीच नाही. ओढूही नका; रक्तस्राव होतो, अंग (गर्भाशय) बाहेर येऊ शकतं. 12 तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा. गाय गाभडली (गर्भपात झाला) असेल तर जार उघड्या हाताने शिवू नका, ब्रुसेला या गर्भपात घडवणाऱ्या जंतूचा संसर्ग माणसालाही होतो. गाईचं रक्त तपासून घ्या, आणि हात लावून झाला असेल व ताप येत असेल तर स्वतःचंही.